जावयाच्या नावावरची दोन टिंबं

दहिवली, कर्जत

प्रिय हर्षला,

फोनवर बोलावं तर तुझे बाबा पेपर आडवा धरून कान इकडे लावतात, म्हणून हा कागद. तुम्ही तिकडे जर्मनीतच लग्न केलंत तेव्हापासून त्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलंय, आणि मी मात्र जावयाचं नाव शिकत बसलेय. यॉर्गने व्हिडिओवर दाखवलं तसं, ओठांचा चंबू करून ‘ए’ म्हणायचं. अंगणवाडीतली पोरं माझं तोंड बघून हसली, मग सगळ्यांनीच चंबू केले.

त्याच्या नावातल्या इंग्रजी ‘ओ’च्या डोक्यावरच्या त्या दोन टिंबांनी मला वेड लावलंय गं. इतकी वर्षं मी पोरांना शिकवतेय, अक्षराच्या डोक्यावर टिंब आलं की आवाज नाकात जातो. तिकडे दोन टिंबं आली की ओठ गोल होतात. शेजारची रुचिता फ्रेंच शिकते. ती म्हणाली, फ्रेंचमध्ये हीच टिंबं दिली की जवळजवळचे दोन स्वर वेगवेगळे म्हणायचे. स्पॅनिशमध्ये तर अक्षरावर लाटच असते. आपण तरी काय, डॉक्टरच्या डोक्यावर चंद्रकोर ठेवलीच की, इंग्रजीचा पाहुणचार म्हणून. तुझे आजोबा ‘नांव’ लिहिताना टिंब द्यायचे. ते कोणी उच्चारत नसे, पण त्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

तर झालं असं. दिवाळसणाची आशा मनात धरून मी बाजारातून तांब्या घेतला, आणि बाबांच्या धास्तीने त्यावर तुझं एकटीचंच नाव घालून आणलं. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, पिशवीत टाकला आणि बाजाराकडे निघाले. परत आले तेव्हा तुझ्या नावाशेजारी यॉर्गचं नाव, त्याच्याच लिपीत. तू पाठवलेल्या खोक्यावर पाठवणाऱ्यांची म्हणून तुमची दोघांची नावं होती, त्यावरून त्यांनी ते कागदावर उतरवून नेलं होतं. नावं घालणारा शुक्रा टिंबांना शाईचे डाग समजून सोडून देत होता. तर बाबा तिथेच बसकण मारून म्हणाले, “जावय हाय आमचा. त्याचं नाव अर्धं नाय घालायचं.” हे मला शुक्राने सांगितलं. बाबांना विचारलं तर म्हणतात, शुक्राला ऊन लागलंय. मला इतका आनंद झाला की मी आत जाऊन रडून घेतलं.

काल त्यांनी सुतार बोलावून स्वयंपाकघराच्या दाराची चौकट वर घेतली. का म्हटलं, तर म्हणे फोटोत तो उंच दिसतो, डोकं आपटेल. तुमचे फोटो त्यांनी कधी पाहिले, देव जाणे. आणि आज सकाळी चहा घेताना भिंतीकडे बघत म्हणाले, “दिवाळसणाला बोलव दोगांना. मी सांगितलं असं नको लिवू.” म्हणून हे पत्र. या गं दोघं. तिकिटं काढलीत की फोन मात्र मला करू नकोस, त्यांच्या नंबरवर कर.

तुझीच,
आई