विंचरलेली वाळू

प्रिय ह्वा-रान,

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. पत्र न वाचता फाडणं तुला जमायचं नाही; शाळेत सिस्टर बर्नादेतनं आपल्याला तेवढं वळण लावलं आहे.

परवा डॉक्टरनं माझ्या छातीचा फोटो उजेडात धरला आणि म्हणाला, "आजी, इथे जरा घुसखोरी दिसतेय." मी म्हटलं, "जपून बोल रे बाबा. आमच्या गावात या शब्दावर माणसं तुरुंगात गेलीत." हसला बिचारा. या पिढीला काय, बाजारात परदेशी लसूण आला की घुसखोरी, सुनेच्या फ्रिजमध्ये सासूच्या किमचीची बरणी गेली की घुसखोरी!

आपल्या लहानपणी मात्र घुसखोरी एकाच दिशेनं यायची, समुद्राकडून; उत्तर कोरियाचे हेर रात्री पाण्यातून येतात म्हणे. रोज संध्याकाळी शिपाई किनाऱ्यावरच्या काटेरी तारेपलीकडची वाळू दाताळ्यानं विंचरून ठेवत आणि पहाटे तिच्यावर पाऊल उमटलंय का ते बघत. शिपायांनी समुद्राची वेणी घातली म्हणून आपण खिदळायचो. तारेला प्रत्येकाच्या परसामागे एक भोक होतं, कारण शेवाळ गोळा करायला एवढा वळसा कोण घालणार? आमच्या अप्पांचंही होतं.

त्या पहाटे पावलं पाण्यातून निघून थेट त्या भोकापाशी आली होती. परत गेलेली नव्हती. "घुसखोर कुठे लपवलास?" साहेबानं विचारलं. अप्पा म्हणाले, "साहेब, माझ्या घरात मांजर लपवायला जागा नाही." तो विनोदही त्यांच्याविरुद्ध लिहून घेतला. पावलं लहान आहेत म्हणाले, तर उत्तर आलं, बाईच असेल. अप्पा काही वर्षांनी तुरुंगातून सुटले ते एका कानानं बहिरे होऊन. मरेपर्यंत माकूळ वाळत घालताना समुद्राकडे पाठ करून बसले. गावानं ते माकूळ विकत घेणं सोडलं होतं. मला वर्गात हेराची पोर म्हणत, तेव्हा बाकावर माझ्या शेजारी फक्त तू बसायचीस. मला वाटायचं, काय ही मैत्रीण!

आणि या वसंतात सिस्टरच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणात तू चमचा खाली ठेवलास. म्हणालीस, "ती पावलं माझी होती. बंदराच्या खडकांपासून पोहत आले होते, तुला उठवून फुशारकी मारायला. तुमचा कुत्रा भुंकला, तशी परसातून गल्लीत पळाले." तुझे वडील गावचे मुखिया, त्यांनी तुला सोलून काढलं असतं, हे मला पटतं. पंधरा वर्षांच्या पोरीवर मी रागावलेलीच नाही. मी रागावले आहे ती त्या म्हातारीवर, जी डोळे पुसून "आता काय उपयोग गं, तुझे अप्पाही नाहीत" म्हणाली आणि दुपारची बस पकडून बुसानला निघून गेली.

उपयोग आहे. अप्पांचा खटला पुन्हा उभा राहतोय. ती पावलं कोणाची, हे सांगणारं जिवंत माणूस कोर्टाला हवं आहे, आणि ते तू आहेस. डॉक्टर म्हणतो, छातीतली ती घुसखोरी आता औषधाला दाद देत नाही. त्यामुळे तुझी लाज ओसरायची वाट बघायला मला सवड नाही. मंगळवारी सकाळी भाच्याची गाडी घेऊन तुझ्या दारात येते. रडायचं ते वाटेत रडून घे, रुमाल मी आणीन. कोर्टात मात्र ताठ उभी राहा आणि सिस्टरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोल.

अजूनही तुझ्याच बाकावरची, तुझीच,
दोक-इम