तिखट नाक आणि जुन्या बॅगा

४ जून, मंगळवार
आजपासून उद्योजक. नोकरी सोडल्यापासून घरातले माझ्याकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर आता बदलेल.
साडूने जुन्या सामानाचं दुकान बंद केलं. तळघरात लेडीज हँडबॅगा पोत्यांत भरून पडल्या होत्या. अस्सल चामडं. कुणी घेईना, कारण म्हणे वास. साडू म्हणाला, फुकट घेऊन जा, टेम्पोचंही मी बघतो. टेम्पोवाल्याने सगळा रस्ता मान खिडकीबाहेर काढून गाडी चालवली. हवेचा शौकीन असावा.
प्रत्येक बॅगेत नाक घालून पाहिलं. वास असा नाहीच. असलाच तर किरकोळ. म्हणजे अर्धं काम झालेलंच आहे. उरलेला वास घालवायचा, पॉलिश मारायचं, विकायच्या. ब्रँडचं नाव: गंधमुक्त.
संकल्प: रोज डायरी. रोज चालणे. चहा कमी.

५ जून, बुधवार
ही लायब्ररीतून आली आणि दारातच थबकली. म्हणाली, घरात काय मेलंय? तिला बसवून बिझनेस प्लॅन समजावला. नाकाला रुमाल लावून तिने सगळा ऐकला. ऐकता ऐकता डोळ्यांत पाणी आलं तिच्या. माझ्या बोलण्याने बऱ्याच दिवसांनी आलं.
चालणे झाले नाही. उद्योजकाला वेळ कुठला?

७ जून, शुक्रवार
खायचा सोडा. प्रत्येक बॅगेत वाटीभर, चेन बंद. नंतर हुंगून पाहिलं. वास शून्य! मुलीला बोलावलं. ती दारातूनच म्हणाली, बाबा, आता सडका वास वेगळा येतो आणि सोड्याचा वेगळा. कॉलेजला जायला लागल्यापासून तिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. परवा दूध जळलं तेव्हाही असाच आरडाओरडा. म्हणे, तुम्ही शेजारी बसून कळलं कसं नाही? अगं, शेजारीच होतो म्हणून तर सांगतो. वास आला असता तर मला आधी आला नसता का?
हिवाळ्यात मला जोराचा ताप येऊन गेला, तेव्हापासून बायकोच्या हाताची चवच गेली आहे. बोललो नाही. माणसाने मन मोठं ठेवावं.

१० जून, सोमवार
व्हिनेगर ओतलं. आधीचा सोडा झटकायचा राहिला होता. बॅगा फसफसल्या. फेस सोफ्याखालून स्वयंपाकघरापर्यंत. सोड्यावर व्हिनेगर पडल्यावर काय होतं, हे शाळेत शिकवायला हवं. मुलगी म्हणते, शिकवतात.
चहा कमी करायचा संकल्प पुढल्या आठवड्यापासून. आता शक्ती लागते.

१२ जून, बुधवार
कॉफी पावडर. घरातली सगळी. मुलीच्या मते आता असं वाटतं, की कुणीतरी कॉफी पिता पिता वारलं आणि बरेच दिवस कुणाला कळलंच नाही. कल्पनाशक्ती चांगली आहे. जाहिरातीचं काम तिलाच द्यावं.

१५ जून, शनिवार
बिल्डिंगची तातडीची मीटिंग. वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड हेडमास्तर म्हणाले, जिन्यात उंदीर मेलाय. शोधसमिती नेमली. अध्यक्ष मी, कारण नाक तिखट असलेला माणूस हवा, असं मीच सुचवलं. पाण्याची टाकी, मीटरची खोली, गटाराची झाकणं, सगळं पालथं घातलं. उंदीर नाही.
हेडमास्तर म्हणाले, वास तुमच्या दाराशी जास्त येतो हो. मी म्हणालो, म्हणजे उंदीर हुशार. अध्यक्षाच्या दारात कोण शोधणार? त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. पटलं असावं.

१९ जून, बुधवार
मोठी बातमी! घरात वासाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मुलगी नाही. (ती सध्या अभ्यासाला मैत्रिणीकडेच असते.) ही तर जेवताना रुमालही लावत नाही. म्हणजे वास गेला!
आता जाहिरात. परवा हिचा इंटरव्ह्यू, मुख्य ग्रंथपालाच्या जागेसाठी. किती वर्षं वाट बघितली आहे तिने. पोळपाटासमोर उभी राहूनही उत्तरं पाठ करते. माझी सर्वांत देखणी बॅग तिला देणार. चॉकलेटी, पितळी कडीची.

२० जून, गुरुवार
आधी नको म्हणाली. मग बॅग जवळ घेतली, हुंगली. म्हणाली, खरंच हो, काहीच येत नाही. केलंत की तुम्ही!
नोकरी सोडल्यापासून हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. लगेच तिची सर्टिफिकेटं आत ठेवली आणि चेन लावून टाकली.

२१ जून, शुक्रवार
तिच्याकडून कळलं ते असं. एसीची बंद खोली. समोर दोन साहेब आणि एक बाई. एका साहेबाने शिपायाला बोलावून टेबलाखाली बघायला लावलं. दुसऱ्याने एसी बंद केला, मग घाईने परत चालू केला. बाईंनी स्वतःचे बूट तपासले. ही आपली उत्तरं देत होती. मग सर्टिफिकेटं मागितली. हिने चेन उघडली. बाई तोंडावर हात ठेवून बाहेर. मागोमाग साहेब.
कॉरिडॉरच्या मोकळ्या हवेत जरा वेळ उभी राहिली तेव्हा हिला उमगलं. वास गेला नव्हता, हिला त्याची सवय झाली होती. इंटरव्ह्यू पुढे ढकलला.
घरी आल्यावर ओरडली नाही. तेच वाईट. म्हणाली, तुम्ही इतके खूश दिसत होता, म्हणून हे आजवर बोलले नाही. अहो, तुम्हाला वास येत नाही. त्या तापापासून येत नाही. मी म्हणालो, माझं नाक तिखट आहे. तिने एक सर्टिफिकेट माझ्या नाकाखाली धरलं. मी म्हणालो, कागदाचा वास येतोय. आणि होताही तो कागदच.

२४ जून, सोमवार
कान-नाक-घसावाले डॉक्टर. मी आधीच स्पष्ट केलं, की मी फक्त दुसरं मत घ्यायला आलोय. त्यांनी विचारलं, पहिलं कुणाचं? म्हटलं, माझं.
डोळ्यांवर पट्टी बांधून नाकाखाली बाटल्या धरल्या. मी ओळखल्या: गुलाब, रॉकेल, आंब्याचं लोणचं. डॉक्टर म्हणाले, तिन्ही बाटल्यांत पाणी होतं. पुढची उघडली तशी नर्स खोकत बाहेर पळाली. मी म्हणालो, ही बघा, ही पाण्याची बाटली.
निष्कर्ष: ताप गेला तो वास घेऊन गेला. परत येईल, कदाचित येणारही नाही. सराव सांगितला आहे. रोज डोळे मिटून लिंबू, लवंग, साबण हुंगायचं.
येताना हिने रिक्षा थांबवून लिंबं, लवंगा आणि साबण घेतला.

२८ जून, शुक्रवार
हिचा इंटरव्ह्यू पुन्हा झाला. कापडी पिशवी घेऊन गेली. जाताना मी दारापर्यंत गेलो, तर म्हणाली, तुम्ही आतच थांबा.
बॅगा कचरागाडीवाल्याने नाकारल्या. म्हणाला, साहेब, हे आमच्यात बसत नाही. साडू फोन उचलत नाही. शेवटी बिल्डिंगमागे खड्डा खणला. हेडमास्तरांनी स्वतः कुदळ धरली. इतक्या आनंदात त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

२ जुलै, मंगळवार
हिला जागा मिळाली! साहेब म्हणाले, तशा खोलीत बसूनही एकेका प्रश्नाचं नीट उत्तर देणारी बाई काहीही सांभाळेल. मी म्हणालो, म्हणजे बॅगेचा हातभार लागलाच. हिने ऐकलं नाही असं दाखवलं.

५ जुलै, शुक्रवार
सकाळी डोळे मिटून सराव. आणि एकदम लिंबाचा वास! स्पष्ट! ओरडलो. ही हातातलं टाकून धावत आली, मुलगी आली. लिंबू, लिंबू, म्हणून मी नाचलो.
दोघींनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग मुलगी हळूच म्हणाली, बाबा, लवंग आहे हातात. ही म्हणाली, असू दे गं, जवळपास आलाय.
डोळे उघडून पाहिलं. लवंगच होती.