आबांच्या ओव्या आणि जुनं व्हर्जन

३० सप्टें. ९८, बुध. बारामती
खंडेनवमी. सुमननं तिच्या शिलाई मशीनबरोबर माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीतलीही पूजा उरकली. कीबोर्ड, माइक, कॉम्प्युटर, सगळ्यांना हळदकुंकू. म्युझिक सॉफ्टवेअरच्या चार फ्लॉप्यांनाही! म्हटलं, अगं, ह्यांना कशाला? "हत्यार न्हवं का तुमचं?" तसंही सॉफ्टवेअर कॉम्प्युटरमध्ये चढवलेलं आहे, फ्लॉप्या नुसत्या पडून असतात.

३ ऑक्टो., शनि.
ऑर्केस्ट्रातला दोस्त दिलीप पुण्याहून आला, सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन टाकून गेला. जुनं पुसलं. म्हणे, "ठेवून काय लोणचं घालायचंय?" दिसायला झकास. बाकी उद्या.

४ ऑक्टो., रवि.
झकास कसलं! आबांच्या ओव्यांची फाइल उघडली की मशीन गप्प. सहा वेळा. आपल्या डब्याला नवं व्हर्जन झेपत नाही. ओव्या जूनमधल्या, घशाच्या ऑपरेशनच्या आठवडाभर आधीच्या. तेव्हापासून आबा नुसतं कुजबुजतात, गाणं बंद. दुसरीकडे कॉपी नाही. बापाचा आवाज माझ्याच पेटीत कोंडला, आणि कोंडणारा मी. आळस, दुसरं काही नाही. जुनं परत चढवायला हवं.

५ ऑक्टो., सोम.
पहिली फ्लॉपी गेली, दुसरी गेली. तिसरी वाचेना. पत्र्याची झडप सरकवली, तर आत कुंकू. सुमनला नको ते बोललो. दिलीपला हो म्हणणारा मीच होतो, हे ती बोलली नाही. जेवलीही नाही. मीही.

६ ऑक्टो., मंगळ.
सकाळी सुमन उसवायचं ब्लेड घेऊन हजर. "तुमी बोट लावू नका, हाताला घाम हाय." फ्लॉपीचं कवच चिरलं, आतली चकती स्पिरिटच्या कापसानं पुसली, वाळवून कोऱ्या फ्लॉपीच्या कवचात बसवली. मी आपला उभा. वाचली! चौथीही. जुनं व्हर्जन सुरू, फाइल उघडली. आधी ढोल, मग आबा. रडू आलं, लपवलं नाही. ताबडतोब दोन कॅसेट भरल्या, एक सुमनच्या कपाटात. "झालं न्हवं? आता जेवा." दोन दिवसांचं एकदम जेवलो.

११ ऑक्टो., रवि.
आबा भिगवणहून एसटीनं आले. फ्लॉपीचं रामायण सांगितलं नाही. हेडफोन लावून दिला. डोळे मिटून सगळं ऐकलं. वाटलं, खूश होतील. तर हेडफोन काढून हळूच, "तिसऱ्या ओवीत घाई केली म्या. परत घिऊ."
"आबा, डॉक्टर गाऊ नका म्हणालेत न्हवं?"
"आत्ता न्हाय म्हनला त्यो. कायमचं कुठं म्हनलाय?"
गुरुवारी तपासणी, मी सोबत जाणार. फाइलमध्ये एक रिकामा ट्रॅक उघडून त्याला आबांचं नाव दिलं.