पाच मिनिटं आधी

४ मार्च

तेव्हा फोन काळा होता, जड. पॅसेजमध्ये स्टुलावर असायचा. वाजला की मी इस्त्री उभी करून धावायचे. पलीकडे हे. 'पाच मिनिटं आहेत. आवर.' बस्स, एवढंच. सबस्टेशनच्या कंट्रोलरूममध्ये यांची नोकरी. लोडशेडिंगची वेळ झाली की लाईनचा स्विच पाडायचा यांनीच, आणि पाडण्याआधी घरी फोन. नियमात बसत नव्हतं, तरी करायचे. तेवढ्यात मी पिंप भरून घ्यायचे, लेकीचा फ्रॉक इस्त्री करून संपवायचे, मेणबत्ती टेबलावर आणून ठेवायचे. लाईट गेली की लेक टाळ्या पिटायची – बाबांनी घालवली!

आज आठवलं, कारण बातम्यांत सांगितलं: मोठं वीजकेंद्र बंद पडलंय, उन्हाळाभर भारनियमन. माझ्या नाकात नळी, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचं मशीन. विजेवर चालणारं. हे बातम्या बंद करून उठले आणि उगाचच खिडक्या लावत फिरले.

७ मार्च

घर आवळून घेतलं. मागच्या खोलीत आता माझी कॉट, मशीन, इन्व्हर्टर, जोडीला एक नवी बॅटरी. कोपऱ्यात ऑक्सिजनचा एक सिलिंडर, जुनी चादर पांघरून पाहुण्यासारखा बसलाय. इन्व्हर्टरवर फक्त मशीन आणि एक दिवा, पंखासुद्धा नाही. फ्रिज रिकामा करून पुसला. हे म्हणाले, 'आता यात माझे सदरे ठेव. निदान कसर लागणार नाही.'

अंधाराची तालीमही केली. मेन स्विच पाडला आणि यांना म्हटलं, काडीपेटी शोधा. टेबलाला धडकले, मग दाराला, मग मला. खूप हसले मी, नंतर खोकले. सगळ्या गावाला काळोखात बसवणारा माणूस स्वतः कधी काळोखात बसलाच नाही. कंट्रोलरूमचा दिवा कधी जात नसे. मग दाराच्या डाव्या बाजूला खिळा ठोकला, त्याला पिशवी, पिशवीत काडीपेटी. चौकट हाताला लागली की पिशवीही लागतेच.

१५ मार्च

कंट्रोलरूममध्ये आता यांचा चेला आहे. यांच्याच हाताखाली शिकला. लाईट जाण्याआधी त्याचा फोन येतो: 'काकू, पाच मिनिटं.' ऐकून डोळे भरून आले. यांनी कामाबरोबर हेही शिकवलं म्हणायचं!

दुपारी जाते, उन्हं उतरली की येते. तेवढं बॅटरी निभावते. एवढा बाऊ कशाला केला, असं वाटायला लागलंय. लेकीला फोनवर तसं सांगितलं. ती म्हणाली, 'आई, खरं सांग.' म्हटलं, खरंच.

२२ मार्च

स्वयंपाकाच्या बाई भाजी चिरता चिरता म्हणाल्या, 'तुमची लाईट जावयासारखी हो. मानानं जाते, वेळेवर येते.'

'आणि तुमची?'

'आमची नवऱ्यासारखी. सवतीकडे जाऊन बसते. बोलवा कितीही.'

त्या कालव्यापलीकडे राहतात, चौथ्या मजल्यावर. सकाळी जाते ती रात्री निजायच्या वेळेला येते म्हणे. मी हसले. आमची आजही उन्हं उतरताच आली.

२७ मार्च

बाई येत नाहीत. निरोपही नाही. हे भात करतात. रोज थोडा निराळा करपतो.

३१ मार्च

बाई आल्या. पदर खोचला, ओटा पुसला, आणि पाठमोऱ्याच सांगू लागल्या. लाईट नाही म्हणून पंप नाही, तळाच्या नळावरून बादल्या. सून बादली घेऊन चढत होती. जिन्यात काळोख. सातवा महिना.

'सून वाचली. तेवढं पुरे म्हणायचं,' त्या म्हणाल्या.

मशीन आपलं चालूच होतं, फुस् फुस्.

'तुमच्या भाजीत मीठ कमीच ना अजून?' त्यांनी विचारलं.

१ एप्रिल

यांना विचारलं, कालव्यापलीकडची लाईट एवढा वेळ का जाते? चष्मा पुसत राहिले. पुसून झाला तरी पुसत राहिले.

'दोन फीडर आहेत, एक लाईन आपल्याकडे, एक कालव्यापलीकडे. इकडे कमी घालवली की तिकडे जास्त घालवावी लागते.'

'तुम्ही चेल्याला सांगितलंत?'

'मी काही सांगितलं नाही. तुझं मशीन आहे, एवढंच त्याच्या कानावर घातलं.'

'म्हणजे सांगितलंत.'

'सगळी नोकरी झाली, कुणाकडे काही मागितलं नाही. आता मागितलं. पुढे बोलू नकोस.' मग माझ्या कानामागची नळी नीट केली. त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं.

३ एप्रिल

शाळेत आमच्या वर्गात एकच पंखा. सिस्टर दर सोमवारी बाकं एकेका ओळीनं पुढे सरकवायच्या, म्हणजे पंख्याखाली सगळ्यांची पाळी. डॉक्टरची मुलगी एकदा रडली, मला घाम सोसत नाही. सिस्टर म्हणाल्या, 'रड हवी तेवढी. पण तिसऱ्या बाकावर बसून रड.'

हे बाजारात गेले तेव्हा चेल्याला फोन केला. बाकांची गोष्टच सांगितली.

'काकू, तुम्हाला कळतंय ना काय सांगताय ते?'

'कळतंय. दोन्हीकडे सारखी.'

'साहेब मला उभं करणार नाहीत दारात.'

'साहेबांना यातलं काही सांगायचं नाही.'

पलीकडे कुठलीशी घंटी वाजत राहिली. मग म्हणाला, 'पाच मिनिटांचा फोन तरी करू ना?'

म्हटलं, तो कर. तो हवा.

९ एप्रिल

बॅटरी पुरती भरतच नाही. हे चेल्यावर चिडलेत: 'माणसं खुर्चीवर बसली की बदलतात.' ऐकून घेतलं. हॉस्पिटलात खाट नाही, नाव लिहून आलेत. सिलिंडरला दुकानात रांग.

बाई आज गुणगुणत होत्या. काल त्यांच्याकडे पंप चालला, सगळ्यांनी पिंपं भरली. सून उठून बसलीय.

१३ एप्रिल

'काकू, पाच मिनिटं.' आवाज फार बारीक होता. आज किती वेळ, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

बॅटरी संपली. सिलिंडरचा काटा तांबड्यावर. दुसरा आणायला हे सकाळीच गेलेत, अजून रांगेतच असतील. खिडकीत उजेड आहे तोवर लिहिते.

इन्व्हर्टर आणि दोन्ही बॅटऱ्या बाईंच्या जिन्यात लावाव्यात. प्रत्येक मजल्यावर एक दिवा.

मशीन हॉस्पिटलला.

ज्यानं लिहितेय ते शाळेतलं पेन लेकीला. निब जपून.

काळा फोन माळ्यावर आहे, तो चेल्याला. हे त्याला बोलले तर यांना सांगावं, फोन मी केला होता.

यांना – काडीपेटी दाराच्या डाव्या बाजूला. नवी घातली आहे.