एकडोळी जपानी लॉरी

सोमवार, ६ जानेवारी १९४७. कोरेगाव
दुपारी भावजी खडकीहून लॉरी घेऊन आले. सहावीच्या वर्गाने बाकं सोडून खिडक्या धरल्या. दोघींना उभं केलं, बाकीच्यांना रागावले, मग स्वतःच बघायला गेले.

लष्कराच्या उरल्या मालाच्या, डिस्पोजलच्या लिलावात अमेरिकन लॉरी घ्यायला गेलेला माणूस जपानी घेऊन आला. ब्रह्मदेशात पकडलेली, लष्कराने तपासायला आणलेली. तपासून झाल्यावर त्यांनी ती ठेवून घेतली नाही, यातच सगळं आलं. पण सुभेदार म्हणून पेन्शन घेतलेल्या माणसाला हे कळू नये? केबिन लाकडाची. ब्रेक फक्त मागच्या चाकांना. पुढे दिवा एकच.

"लढाईत माल संपला, वैनी. दुसरा दिवा बसवलाच न्हाई," हे भावजी कौतुकाने सांगतात.

संध्याकाळपर्यंत गावाने नाव ठेवलं: शुक्राचार्य. गावाला अक्कल आहे.

बुधवार, ८ जाने.
मुलींच्या वडिलांची सभा. मॅट्रिकला पाच जणी, शाळेची पहिली तुकडी. केंद्र सातारा. अटी ठरल्या त्या अशा: परक्या घरी मुक्काम नाही. सर्व्हिस मोटारीत पुरुषांच्या गर्दीत नाही. रोज न्यायचं, रोज दिवे लागायच्या आत घरी आणून सोडायचं. आगगाडी पोचते ती पेपर सुरू झाल्यावर. बैलगाडीला चार तास. राहता राहिली ही जपानी.

अनुसयाचे वडील बापूराव सर्वांत शेवटी हो म्हणाले. पोरगी गणितात माझ्याही पुढे जाईल. ती पास झाली तर पुढल्या वर्षी वस्त्यांवरून दहा मुली येतील. नापास झाली, किंवा बसलीच नाही, तर एकही नाही.

पंपावर पेट्रोल असेल त्या दिवशी भरून ठेवावं लागतं, नाहीतर रेशनची कुपनं वाया. भावजींजवळ डबे नाहीत. शाळेच्या कोठीतले चार चौकोनी डबे दिले. मुलींच्या भाकरीबरोबर द्यायला गुऱ्हाळवाल्यांनी काकवी दिली होती, तेच हे डबे. उरलेली बरणीत काढली. शाळेची झाडलोट करणारी साळूबाई म्हणाली, "बाई, ऊन पान्यानं, राख लावून घासते." सरपण काय आभाळातून पडतं? गार पाण्याने विसळ म्हटलं.

रविवार, १२ जाने.
पहिली फेरी, मुलींशिवाय. भावजी आणि मी, घड्याळ लावून. ८ वाजता हँडल मारायला सुरुवात, ८-२० ला इंजिनाची मर्जी झाली. त्रिपुटीच्या चढाला दोनदा ठसकली आणि बसली. बॉनेट उघडून भावजी आत डोकावत राहिले, विहिरीत पडलेली कळशी शोधावी तसे. अर्ध्या तासाने आपणहून सुरू.

"काय झालं होतं?"

"दम लागला आसंल."

माहुलीच्या पुलाअलीकडे पुन्हा. एक बैलगाडी मागून येऊन पुढे गेली. गाडीवान म्हणाला, "सुभेदार, कासरा देऊ का? बांदा मागं." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

जपानी माल. लढाईआधी यात्रेत जपानी खेळणी मिळत. देवळापाशी घ्यावी, वेशीपाशी येईतो चाक निखळावं. खेळण्याचं चाक निखळलं तर पोर रडतं. इथे पाच जणींचं वर्ष जाईल.

बुधवार, १५ जाने.
काल संक्रांत. भावजी तिळगूळ घ्यायला आले आणि लॉरीचं पुराण लावून बसले. रंगूनला भावजींच्या ताब्यातल्या कैद्यांत एक मिस्त्री होता, म्हणे याच कंपनीत काम केलेला. खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत त्याने सांगितलं ते असं:

कंपनी मुळात मोटारींची नव्हे, मागांची. म्हाताऱ्याने असा माग काढला की धागा तुटला की माग आपोआप थांबावा, खराब कापड पुढे विणलं जाऊ नये. पोराला मोटारींचं वेड. त्याने मागांच्या कारखान्यातच कोपरा अडवला, अमेरिकन मोटार सुटी करून एकेक भाग मांडला, आणि तसं इंजिन ओतलं. मग सरकारने लढाईसाठी लॉऱ्या मागितल्या. पहिल्या पहिल्या वाटेत मोडायच्या.

"मोडली की कंपनीची मान्सं जाग्यावर जाऊन दुरुस्त करून द्यायची, वैनी. लय इमानी लोक."

"मग त्यातला एक त्रिपुटीला बसवून घ्या."

हसले. कानउघाडणी केली तरी हा माणूस हसतो. आमच्या यांचा धाकटा भाऊ, पण यांचा एकही गुण घेतला नाही.

नक्कल करणाऱ्या मुलीला मी वर्गाबाहेर काढते. तिथे नक्कल करणाऱ्याने कारखाना काढला. बापाने धागा तुटल्यावर थांबणारा माग केला, लेकाने काहीच न तुटता थांबणारी लॉरी.

शनिवार, २५ जाने.
लॉरी साताऱ्याला गेली आणि आली. कुठेही थांबली नाही. भावजी शाळेच्या फाटकात लॉरी उभी करून मिशीला पीळ देत उतरले. एकदा बरोबर उत्तर आलं म्हणून कुणी हुशार होत नाही.

रविवार, २ फेब्रुवारी
पाचही मुली घेऊन रंगीत तालीम. केंद्र दाखवलं, बाकं दाखवली, पाणी कुठे ते दाखवलं. जाताना ठीक. येताना तीन वेळा.

तिसऱ्यांदा खिंडीच्या अलीकडे. अनुसया म्हणाली, "बाई, तोवर इतिहास विचारा." विचारला. अफजलखानापासून सुरुवात केली, पानिपत झालं, पेशवाई बुडाली, तरी लॉरी हलेना. मुलींना हसू येत होतं. मला नाही.

गावात शिरलो तेव्हा दिवे लागून गेले होते. फाटकात बापूराव कंदील घेऊन उभे. आवाज चढवला असता तर उत्तर देता आलं असतं. त्यांनी फक्त मुलीच्या हातातलं दप्तर घेतलं.

"बास आता, बाई. पोर उद्यापास्नं घरी."

बुधवार, ५ फेब्रु.
अनुसया तीन दिवस नाही. ऊसतोडीवर दिसली म्हणतात. परवा चिठ्ठी पाठवली होती, न उघडता परत आली. त्या घरात वाचणारी एकच, आणि तिच्या हाती चिठ्ठी पडू दिली नाही.

बाकी चौघींचे वडील कुंपणावर. आणखी एकदा उशीर झाला की तेही संपलं.

भावजींना स्पष्ट सांगितलं: तुमचं हे भंगार साताऱ्याच्या लोहाराला द्या, निदान विळे तरी होतील.

"गाडी वाईट न्हाई, वैनी. तिला कायतरी हुतंय."

"तिला काही होत नाही. ती मुळातच तशी आहे."

रविवार, ९ फेब्रु. सांगली
भावजींच्या गुळाच्या ढेपा सांगलीच्या पेठेत न्यायच्या होत्या. मीही निघाले. लॉऱ्यांचे पार्ट विकणारे एक अण्णा इथे आहेत, जैन गृहस्थ, स्वतः हात काळे करणारे. लॉरी निकामी आहे हे त्यांच्या तोंडून भावजींना ऐकवायचं होतं. वाटेत पाच वेळा थांबली. छान. साक्षीपुरावे वाढले.

अण्णांनी आधी मलाच सुनावलं. "जपानी म्हनून नाक मुरडू नका वो बाई. लढाईआधी इथल्या एका हळदवाल्याकडं बारकी जपानी मोटार हुती. आठ वर्सं पळाली. शेवटी मालक थकला, गाडी न्हाई." मग इंजिनाकडे पाहून, "हिला अमेरिकन पार्ट बी बसतोय. चांगलं इंजिन हाय की."

मी म्हटलं, चांगलं इंजिन चढाला का बसतं?

त्यांनी पेट्रोलची नळी सोडली, जाळी काढली. जाळीवर काळा चिकट थर. अण्णांनी बोट फिरवलं, वास घेतला, आणि बोट सरळ जिभेवर टेकवलं.

"बाई, तुमची ही गाडी ग्वाड खाती की वो!"

टाकीच्या तळाशी तेच. पेट्रोलमध्ये ते विरघळत नाही. हलली गाडी की उठतं, नळीत जाऊन बसतं. गाडी उभी राहिली की खाली जातं, वाट मोकळी. म्हणून दम लागायचा, म्हणून आपणहून बरी व्हायची.

लॉरीतले चार डबे अण्णांनी उपडे केले. तीन रिकामे. एकाच्या कोपऱ्यात काकवी घट्ट बसलेली, थंडीत दगडासारखी.

भावजी डब्यांकडे बघत होते. माझ्याकडे नाही.

"डबं मीच नीट बघितलं न्हाईत, अण्णा," म्हणाले.

शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.

सोमवार, १० फेब्रु.
ऊन पाणी आणि राख. साळूबाईचं बरोबर होतं. एवढीच लाकडं वाचवली मी.

बुधवार, १२ फेब्रु.
साळूबाईला सांगितलं. "व्हय, म्या म्हनलं व्हतं की," म्हणाली आणि अंगण झाडायला लागली. तिच्या जागी मी असते तर महिनाभर ऐकवलं असतं.

महिनाभर एका यंत्राला, ते करणाऱ्यांना आणि भावजींना नावं ठेवली. वर्गात एखादी मुलगी गणित चुकल्यावर पाटीला दोष देते, तिला मी काय म्हणते ते इथे लिहीत नाही.

रविवार, १६ फेब्रु.
टाकी उतरवून धुतली. डबे बदलले. भावजींनी एकट्याने दोनदा साताऱ्याला जाऊन आणली, एकदाही थांबली नाही.

दुपारी बापूरावांच्या वस्तीवर चालत गेले. गुऱ्हाळ चालू होतं. बसायला घोंगडी टाकली. घरच्या बाईंनी भाकरी वाढली, वर ताजी काकवी. देवाला थट्टा करायची तर अशी करतो. मुकाट्याने खाल्ली.

मग सांगितलं. लॉरीचा दोष नव्हता, सुभेदारांचाही नव्हता. डबे माझे, गार पाण्याने विसळायला मी लावले.

बापूरावांनी गुऱ्हाळाच्या चुलवाणात उसाचं चिपाड सारलं. 

"लॉरीचा भरवसा म्या कवा धरला व्हता, बाई? तुमचा धरला व्हता."

"तो आता धरू नका. लॉरीचा धरा."

म्हाताऱ्या बैलाकडे बघावं तसे माझ्याकडे बघत राहिले. "चूक तुमची, आन् अंदारात रस्त्यावर बसली माजी पोर. भावकी काय म्हनंल ते तुमास्नी ठावं न्हाई."

अनुसया दाराआड. हातांवर उसाच्या पात्याचे ओरखडे.  मी उठले तेव्हा तिने विचारलं, "बाई, भूमितीचं शेवटचं प्रमेय कितवं आहे?"

बापूरावांनी ऐकलं. तिला आत जा म्हणाले नाहीत. तिने एकच विचारलं, मी एकच सांगितलं, आणि निघाले.

रविवार, २ मार्च
चौघींना घेऊन साताऱ्याला जाऊन आलो. जाताना ५५ मिनिटं, येताना ५२. उन्हं असताना घरी. चढाला लॉरी कुरकुरलीसुद्धा नाही. बैलगाडीवाल्याला मागे टाकताना भावजींनी मुद्दाम हॉर्न वाजवला. बालिशपणा. चालू दिला.

दिसायला मात्र भिकारच आहे. चूक माझी होती म्हणून ती सुंदर होत नाही.

अनुसयाचं परीक्षेचं नंबराचं कार्ड आलं. साळूबाईबरोबर वस्तीवर पाठवलं, आईच्या हातात दे म्हणून. दिलं. आईने ते देव्हाऱ्यात ठेवलं म्हणे. देव परीक्षेला बसणार नाही, हे सांगायला हवं होतं.

शुक्रवार, ७ मार्च
बापूराव बाजाराला आले होते. फाटकाशी थांबले, आत आले नाहीत.

"बाई, त्या लॉरीला दिवा एकच हाय न्हवं?"

"एकच. पण दिवा लावायची वेळ येणार नाही."

"ते तुमी मागंबी म्हनला व्हता."

गेले. 

सोमवार, १० मार्च
लॉरीत बसून पेन्सिलीने लिहिते आहे. पेपर ११ ला. गावातून ८ ला निघालो. चौघी मागे बाकड्यावर, इंग्रजीचे शब्द पुटपुटताहेत. बापूरावांच्या वस्तीच्या फाट्याला थांबायला मीच सांगितलं. कुणाशी काही ठरलं नव्हतं.

इंजिन बंद करू नका म्हटलं. भावजी म्हणाले, "हँडल मारलं की चालू हुतीया आता." माहीत आहे. तरी करू नका.

८-४०. उसाच्या फडांमधून वस्तीची वाट जेमतेम दिसते. धूर दिसतो आहे, गुऱ्हाळ चालू आहे. माणूस नाही.

८-५०. मागून एकीने विचारलं, "बाई, अनुसया यायची आहे का?" पुस्तकात बघ म्हटलं.

इंजिन एका लयीत चालू आहे. कंटाळवाणं, बिनचूक. याला आता मी काय म्हणणार?

नऊला निघालं पाहिजे, दहाच्या आत केंद्रावर हजेरी. बत्तीस वर्षांत कुणासाठी घंटा थांबवली नाही मी.

९ वाजले. भावजींनी मागे वळून पाहिलं. "वैनी, निगू?"

पाच मिनिटं थांबा म्हटलं.