तलावाची रेघ

बाबा, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. पण गेल्या आठवड्यात तुमचा एक नकाशा अचानक समोर आला आणि तेव्हापासून तुम्हाला एक गोष्ट विचारावीशी वाटते आहे.

मी आता विद्यापीठात भूगोल विभागाच्या ऑफिसात आहे. त्या दिवशी मुलामुलींनी आपापलं संशोधन एकमेकांना दाखवायचं ठरवलं होतं. एका मुलीने सिलतऱ्याकडच्या एका गावाचा जुना मोजणी-नकाशा उपग्रहाच्या फोटोवर बसवून मोठ्या पडद्यावर लावला होता. खाली तुमची सही. शेतांचे बांध बरोबर बांधांवर बसले होते. तलाव मात्र फोटोतल्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट. कुणीतरी कारण विचारलं. ती म्हणाली, "पुराने लोग थे, अंदाज से खींच दिया होगा. फायनल में हम फोटोवाली लाइन ही रखेंगे." म्हणजे तुमची रेघ पुसली जाणार होती.

तो तलाव मला आठवतो. मी चौथीत आहे, उन्हाळ्याची सुट्टी, तुम्ही मला मोजणीला सोबत नेलं आहे. पाणी मधोमध थोडंसं उरलंय आणि तुम्ही साखळी घेऊन पार दूर, भेगा पडलेल्या जमिनीवर उभे. कपडे धुणाऱ्या म्हातारीला तिच्याच बोलीत विचारता, "दाई, बरसात म पानी कहाँ तक आथे?" ती लांबच्या बाभळीकडे बोट दाखवते. तिथे जाऊन तुम्ही खुंटी ठोकता. मी कंटाळून म्हणते, "बाबा, पाणी तर तिकडे आहे." तुम्ही चिडता. "काहून घाई करून राहिली? आजचं पाणी म्हणजे तलाव नाही. आखाडात येऊन पाय, मंग सांग."

मी त्या मुलीला एवढंच विचारलं, "हा फोटो कोणत्या महिन्याचा आहे?"

"मई का, दीदी. बारिश में तो बादल रहते हैं, कुछ दिखता ही..." बोलता बोलता ती थांबली.

शेजारचा मुलगा हसला. "वाह, गर्मी में तालाब नाप रही थी."

तिने ऑक्टोबरचा फोटो शोधून लावला. पाणी तुमच्या रेघेला येऊन टेकलं होतं. "इनको कैसे पता था?" असं ती स्वतःशीच दोनतीनदा म्हणाली. रेघ राहिली.

पण उत्तरेच्या बाजूला पाणी टेकलं नव्हतं. तिथे ऑक्टोबरातही तुमची रेघ कोरड्या जमिनीवरून जाते. तो भाग नंतर कुणी बुजवला का? की त्या बाजूला विचारायला कुणी भेटलं नाही, आणि तेवढ्यापुरता तुम्ही खरंच अंदाज केला? मला हे जाणून घ्यायचं आहे आणि आता सांगणारं कुणी नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहिते. ती मुलगी खूश होऊन सगळ्यांना पडद्याजवळ बोलवत होती, तेव्हा मी सरकून पडद्यावरच्या त्या उत्तरेच्या कोपऱ्यापुढे उभी राहिले, तो कुणाला दिसू नये म्हणून. सही माझ्या वडिलांची आहे, हेही सांगितलं नाही. तुम्ही तिथे असता, तर सगळ्यांत आधी तीच बाजू दाखवली असती.