रंग लावण्याआधी

निफाड, २८ एप्रिल २०२५

चि. स्नेहास, अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

इकडे सगळे खुशाल, मी सोडून. कालपासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून पुंजाच्या भाजीच्या टेम्पोबरोबर हे पत्र नाशिकला पाठवतोय.

काल तू आलीस ती आधी साईच्या दुकानात. विहाराच्या अंगणातली घसरगुंडी त्याला आणि झोपाळा मला, असं समितीने काम वाटून दिलं तेव्हाच मी ओळखलं होतं, डोक्याला ताप होणार. तू त्याच्या घसरगुंडीखाली बॅटरी घेऊन शिरलीस, एकेका सांध्यावरून बोट फिरवलंस आणि चारचौघांत म्हणालीस की काम दृष्ट लागण्यासारखं आहे. त्याला वेल्डिंगचा होल्डर धरायला कोणी शिकवलं? मी. आता समोरच दुकान थाटून बसलाय.

माझ्या झोपाळ्याजवळ मात्र रंग का दिलास एवढंच विचारलंस आणि बस पकडलीस. अगं, साईची घसरगुंडी बघायला गर्दी जमत होती. माझाही झोपाळा चमकायला नको? आता समितीचे धोंडीरामकाका म्हणतात की स्नेहा कंपनीत सांधे तपासायचंच काम करती, ती हो म्हणत नाय तोवर झोपाळा उभा करायचा नाय. बारा तारखेला बुद्धपौर्णिमा. पहिला झोका आपला, असं आमच्या तृप्तीने गल्लीभर सांगून ठेवलंय. काकांना एक फोन कर आणि हो म्हणून टाक.

तुझ्या वहिनीचा जय भीम. लोभ असू दे, साईवर आहे त्याहून चिमूटभर जास्त.

तुझा दादा,
बुद्धभूषण


नाशिक, १ मे २०२५

ती. दादास, सप्रेम जय भीम. वि. वि.

फोन मुद्दामच उचलला नाही. तुझा आवाज ऐकला की मी विरघळते.

तुझं काम मी नापास केलेलं नाही. मला ते दिसलंच नाही. आमच्या कंपनीत नियम आहे, सांधा थंड झालेला हवा, वरची काळी खपली काढलेली हवी, उजेड भरपूर हवा आणि डोळा हातभर अंतरावर. आणि हे सगळं रंगाच्या आधी. रंगाखाली केसाएवढी चीर असली तर ती मलाही दिसत नाही आणि तुलाही. पोरं झोके घ्यायला लागली की ती वाढत जाते.

साईचं काम उघडं होतं आणि चांगलं होतं. तुला झोंबेल, पण तेच खरं. लहानपणी आईने लाडू दिले की तू तुझा आणि माझा शेजारी ठेवून बघायचास. ती खोड अजून गेलेली नाही.

आता ऐक. तारेच्या ब्रशने सगळे सांधे उघडे कर आणि साईला बोलव. करणाऱ्याने स्वतःचं काम पास करायचं नसतं, आणि ते मीही करू नये. तुझ्या झोपाळ्याला हो म्हणायची मला फार इच्छा आहे, म्हणूनच मी नको.

वहिनीला जय भीम, तृप्तीला पापा. रागावलास तरी माया कमी करू नकोस.

तुझी,
स्नेहा


निफाड, ४ मे २०२५

चि. स्नेहास, आशीर्वाद.

साईला बोलावणार नाही. ज्याला मी डोळ्यांवर काच धरायला शिकवलं, तो माझ्या सांध्यांवर चुकेल तिथे खडूने गोल काढणार आणि ते गिऱ्हाइकं बघणार? काल त्याची घसरगुंडी उभी राहिली. किती छान झाली म्हणे. हे कोण म्हणालं, तर अंजली. माझी बायको, माझ्या घरात, जेवताना. मी ताट सारून उठलो.

तू आता त्याचीच बहीण हो. माहेरपणालाही तिकडेच जा. लोभाचं काय ते तूच ठरव.

बुद्धभूषण


निफाड, १३ मे २०२५

चि. स्नेहास, अनेक आशीर्वाद आणि जय भीम.

काल झोपाळा उभा राहिला. हे आधी सांगतो, नाहीतर सगळं पत्र तू धाकधुकीत वाचशील.

मागचं पत्र धाडलं त्याच संध्याकाळी तृप्ती दुकानात आडव्या पडलेल्या झोपाळ्याच्या पाइपवर बसून पाय हलवत होती. काय करतेस विचारलं, तर म्हणाली सराव. मी ब्रश घेऊन बसलो आणि रंग काढला. सकाळी साईला हाक मारली. फार जड गेली.

तो बॅटरी लावून बघत राहिला आणि त्याने दोन ठिकाणी खडूने गोल काढले. वेल्डिंगच्या कडेने पाइप वितळून खाल्ला गेला होता. माझ्याकडे न बघता म्हणाला की दादा, बाकी काम लय भारी हाय. पण वरच्या कडीच्या मागे एक चीर होती. ती मला दिसली, त्याला नाही. खरं सांगतो, मला आधी आनंद झाला. वाटलं, गप्प बसावं, त्याला हो म्हणू द्यावं आणि मग गावाला दाखवावं की तुमच्या साईला दिसत नाही. मग पुन्हा कडीकडे बघितलं. त्याच कडीत तृप्तीच्या झोक्याची साखळी अडकवायची होती. मी त्याच्या हातातून खडू घेतला आणि तिसरा गोल काढला.

तिन्ही सांधे घासून पुन्हा भरले, थंड होऊ दिले. साईने परत बघून हो म्हटलं, मगच रंग लावला.

काल वंदना झाल्यावर साई सगळ्यांसमोर उभा राहिला आणि त्याने सांगून टाकलं की सगळ्यात वाईट चीर मला दिसलीच नव्हती, ती दादांनी दाखवली. टाळ्या पडल्या त्यालाच. माझ्या झोपाळ्याच्या दिवशी खरेपणाचं कौतुकही तोच घेऊन गेला. माझ्या पोटात पुन्हा दुखलं. त्याच्या आधी मीच उठून का बोललो नाही, हेच मनात घोळत राहिलं.

तेवढ्यात तृप्ती झोक्यावरून हाका मारायला लागली, पप्पा, अजून उंच. मी तिच्या मागे गेलो आणि अंगात होतं तेवढं बळ लावून झोका दिला.

रजा काढून ये आणि तूही बसून बघ. आमच्यावरची माया अशीच राहो.

तुझा दादा,
बुद्धभूषण